बिनकुंकवाचा झेंडा

१९ जुलै

स्वरूप,

आशीर्वाद हाय. पत्राच्या वर लिहायची रीत म्हणून न्हाई, खरंच हाय. राग आला म्हणून आशीर्वाद बंद करता आला असता तर तोही केला असता.

फोनवर तू मला बोलू देत न्हाईस. "नंतर करतो गं आई" म्हणतोस आणि तुझं नंतर काही उजाडत न्हाई. म्हणून हा कागद. कागद मधेच कट करता येत न्हाई. चिमाजीच्या दुधाच्या टेम्पोतनं पाठवतेय. तो रोज कापूरहोळला तुझ्या गॅरेजच्या दारावरनं जातो. त्याला बजावलंय, स्वरूपच्या हातात दे, ग्रीसच्या फडक्यावर ठेवून येऊ नको.

आता मुद्द्याचं. परवा तू म्हणालास, पंधरा ऑगस्टला झेंडा काकांना लावू दे. तू हट्ट केलास तर किकवीची, मुलीकडची माणसं बिथरतील, माझी सोयरीक मोडेल, आणि तसं झालं तर मी पुन्हा घराची पायरी चढणार न्हाई. असंच म्हणालास ना? म्हंजे मी काही वाढवून सांगत न्हाई.

मग माझंही ऐक. झेंडा मीच लावणार.

सरपंच मी हाय. जागा बायकांची निघाली तेव्हा तुझ्या कुंडलिक काकांनीच माझा अर्ज भरला. त्यांना वाटलं, नवरा गेल्यापासनं वहिनी गप असती, दावू तितं सही करील. केली सही, वाचून केली. तितंच बिनसलं आमचं. उपसरपंच ते आणि खुर्ची माझी, हे त्यांना अजून पचलेलं न्हाई.

सव्वीस जानेवारीला काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी इस्त्रीचं लुगडं नेसून पंचायतीपुढं उभी होते. सकाळी दोन भाकरी खाऊन, धडधाकट. काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "सरपंचताईंची तब्येत बरी नसल्यामुळं ध्वजारोहण मी करतो." सगळं गाव माझ्याकडं बघतंय आणि मी माझ्याच तब्येतीची बातमी माइकवरनं ऐकतेय! त्या दिवशी गप बसले, ते पहिलं आणि शेवटचं.

खरं कारण तुला ठावं हाय. झेंड्याआधी खांबाची पूजा होती, नारळ फुटतो, हळदकुंकू वाहतात. हळदकुंकू सवाष्णीनं वाहायचं. मी पांढऱ्या कपाळाची. आता गंमत बघ. विधवांना असं वागवायचं न्हाई असा ठराव आपल्याच ग्रामसभेनं केलाय. काचेत घालून पंचायतीच्या भिंतीला टांगलाय. खाली फोटो कुणाचा? कुंडलिकरावांचा, टाळ्या वाजवताना.

जेवत जा वेळेवर.

आई

२९ जुलै

स्वरूप,

चिमाजीनं तुझी चिठ्ठी दिली. एवढ्या मोठ्या पत्राला एवढंसं उत्तर. "आई, एक दिवस गप बसलीस तर काय बिघडतं." बिघडतं बाबा. आप्पा गेले त्याला चार वर्सं झाली, रोज कुणीतरी सांगतंय एकच दिवस गप बस. बारशाला मागं बस, डोहाळजेवणाला ओटी भरू नको, संक्रांतीच्या वाणवशाला बाहेर थांब. एक दिवस, एक दिवस म्हणत म्हणत बाईचा जन्म जातो.

आणि तुझ्या लग्नातही तेच ठरवलंय तुमी. काका-काकू विधीला बसणार, पहिली हळद काकू लावणार, मी मागं पाहुण्यांच्या पाण्याचं बघणार. तू मला सांगितलं न्हाईस. तुझ्या काकूच्या, बनाबाईच्याच तोंडून निसटलं. वाईट त्याचं वाटलं. विधीचं न्हाई एवढं, तू सांगितलं न्हाईस त्याचं.

असो. झेंड्याचं सांगते.

पंचायतीच्या कपाटातनं झेंडा काढला, म्हटलं ऊन पडलंय तवर हवा लागू दे. उलगडला आणि बघतच राहिले. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, चक्राच्या बाजूला, हळदीकुंकवाची बोटं. एकावर एक, सालोसालची. पिवळी, तांबडी, काही काळी पडलेली. आपल्यात नवं लुगडं, नवा सदरा कोरा अंगाला लावत न्हाईत, कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट टेकवतात, तसं ह्यांनी झेंड्याला केलंय. बनाबाई दरसाल ताट घेऊन येती, घडी घातलेल्या झेंड्याला बोट लावती आणि मग तो वर जातो. कुणाच्या मनात आलं न्हाई की ह्यात काही चुकतंय. लांबनं दिसत न्हाई ना. मी कितीदा त्याच्याकडं बघून हात कपाळाला लावला, मलाही न्हाई दिसलं.

साबण लावला, लिंबू चोळलं. न्हाई निघालं. हळदीचा डाग कधी निघालाय?

ग्रामसेवक भाऊसाहेबांना दाखवला. ते दचकलेच. म्हणाले, "ताई, झेंड्यावर काही लावायचं, लिहायचं नसतं. आत फुलाच्या पाकळ्या ठेवल्या तर चालतात, बाकी काही न्हाई." त्यांनी त्यांच्याकडचा नियमांचा कागद वाचायला दिला. जुना झेंडा त्यांनी ठेवून घेतला, त्याचं काय करायचं ते नियमानं करतील. नवा आणायला मी भोरला जाणार. तुला काही आणायचं हाय का तिथनं? तुझ्या आवडीचे खारे शेंगदाणे आणते, चिमाजीकडं देते.

आई

७ ऑगस्ट

स्वरूप,

शेंगदाणे पोचले का? पोचले असतील तर एक फोन करायला काय झालं होतं? खाऊन तरी झाले असतील.

झेंडा आणला. खादीचा हाय. एसटीत पिशवी मांडीवरच ठेवली, खाली टेकवली न्हाई. शेजारची बाई म्हणाली, "काय ओ, सोनं हाय का आत?" म्हटलं, व्हय.

घरी येऊन पाटावर ठेवला, तोवर तुझे काका हजर. वास येतो वाटतं त्यांना. झेंडा बघितला, बरं वाटलं त्यांना, म्हणाले, "झ्याक हाय. आता बनाबाई पंधरा तारखेला ह्याला हळदकुंकू लावील."

मी म्हटलं, "झेंड्याला काही लावायचं न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे बोट लावायचं न्हाई. नियम हाय. खांबाची पूजा करा, नारळ फोडा, माझी ना न्हाई. कापडाला हात न्हाई."

"वैनी, नवं कापड कोरं वर चढवायचं? अपशकुन करता व्हय गावाला?"

"ते कापड न्हाई भावजी, झेंडा हाय. तो कुणाची बायको न्हाई, कुंकू लावायला."

स्वरूप, तुझ्या काकांचं तोंड बघून मलाच हसू आलं. मग त्यांनी खरं काढलं. "कुंकू नको, सवाष्ण नको, म्हंजे तुमी दोरी ओढायला मोकळ्या. डाव कळतो आमाला." डाव कसला? आधी म्हणत होते, पूजा सवाष्णीची म्हणून झेंडा तुमच्या हातनं न्हाई. आता झेंड्याला पूजाच नको तर हे म्हणतात, मग तुमी मोकळ्या होता म्हणून पूजा पाहिजे! माझ्या डोक्याला काही उमजेना, तुझ्या उमजलं तर कळव.

जाताना म्हणाले, "स्वरूपच्या लग्नाचा विचार करा." दारात उभं राहून, हळू आवाजात. पोराच्या नावानं आईला धमकी द्यायची आणि वर भावजी म्हणवून घ्यायचं. तू तुझं नाव असं वापरू दिलंस, मला लई लागलं. लिहून टाकते, मनात ठेवत न्हाई.

आई

१४ ऑगस्ट

स्वरूप,

उद्या झेंडा. भाऊसाहेबांनी भाषणाचा कागद दिलाय, दोन बाजू भरून. "आदरणीय व्यासपीठ" पासून सुरुवात हाय. आपल्याकडं व्यासपीठ कुठलं, शाळेची एक सतरंजी आन् दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी तो बाजूला ठेवला. पण नियमांच्या कागदाबरोबर रंगांचा अर्थ दिलाय, तो वाचला. वाचून दुपारभर डोक्यात तेच चाललंय. तुला सांगते, दुसरं कुणाला सांगू?

केशरी म्हंजे ताकद आणि धैर्य. तो सगळ्यांत वर. आपल्या गावात त्या रंगाच्या टोप्या घालणारे लई हायत. पण परवा रस्त्याच्या कामाचा निकृष्ट माल गाडीतनं उतरला तेव्हा ठेकेदाराला "परत घेऊन जा" म्हणायला टोपीवाला एक पुढं आला न्हाई. मी अन् वरच्या आळीची सखूबाई उभ्या राहिलो गाडीपुढं. धैर्य काय टोपीत असतं?

हिरवा म्हंजे जमिनीची सुपीकता, वाढ, मांगल्य. माझा हिरवा आप्पा गेले त्या दिवशी फोडला. ओट्यावर बसवून, दगडावर हात ठेवून, बनाबाईनंच फोडला चुडा, आणि फोडताना ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. पण भात मी लावलं ना त्याच साली? गुडघाभर चिखलात, मोकळ्या हातांनी. ते भात हिरवंच आलं. तू खाल्लंस की.

आणि पांढरा. पांढरा म्हंजे सत्य आणि शांती. स्वरूप, म्या तीनदा वाचलं. आमाला पांढरा म्हंजे काय सांगितलंय? पांढरं कपाळ, पांढरा पाय, पुढं येऊ नको, सावली पाडू नको. आणि झेंड्यावर तोच पांढरा बरोब्बर मधी घातलाय. कडेला न्हाई, मागं न्हाई, मधी. चक्रही त्याच्यावरच बसवलंय. चक्र म्हंजे चालत राहणं, थांबलं की मेलं, असं कागदात लिहिलंय. ज्यानं कुणी हा झेंडा ठरवला त्याला एवढा मोठा देश सांभाळायला पांढरा रंग चालला आणि आपल्या वाडीला पोरगं बोहल्यावर चढवायला चालत न्हाई!

भीती वाटतेय का म्हणशील तर वाटतेय. लोकांची न्हाई. तुझी वाटतेय. तू खरंच पुन्हा घरी आला न्हाईस तर काय? पण तुला घाबरून मी उद्या मागं उभी राहिले तर पुढं कधी पुढं येणार? हे पत्र तुला झेंड्यानंतरच मिळेल, म्हंजे तू मला अडवायला येऊ शकणार न्हाईस.

आई

१५ ऑगस्ट, दुपार

स्वरूप,

तुला व्हिडिओ आला असेलच. आपल्या गावात एक मोबाईल वर झाला की दहा होतात. पण व्हिडिओत सगळं न्हाई, म्हणून लिहितेय.

सकाळी भुरभूर पाऊस. तेरड्याच्या आणि गुलबक्षीच्या पाकळ्या मी स्वतः घडीत घातल्या. दोरीची गाठ भाऊसाहेबांनी मारली, झेंड्याची घडी वर चढवून ठेवली. बनाबाई ताट घेऊन आली तोवर झेंडा वर गेलेला. तिला कळेना बोट कुठं लावायचं. खांबाला लावलं, नारळ फोडला. चांगलं झालं. माझी कुठं ना होती?

मग काका पुढं झाले आणि दोरीला हात घातला. मी गेले. म्हटलं, "भावजी, द्या." ते म्हणाले, "वैनी, चारचौघांत शोभा करू नका." म्हटलं, "माझी शोभा सव्वीस जानेवारीलाच झाली. द्या." दिली. राग गिळून दिली, पण दिली.

ओढली. झेंडा उघडेना.

पुन्हा ओढली. उघडेना. दोरी पावसानं भिजून फुगलेली, गाठ बसलेली. आणि मागनं कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं, "बघा, पांढरा पाय." हे व्हिडिओत न्हाई. आवाज कुणाचा ते मला माहीत हाय, पण लिहीत न्हाई, त्याच्या म्हातारीच्या निराधार पेन्शनीचं काम मीच करतेय.

भ्याले मी, खोटं कशाला बोलू. काका हळूच म्हणाले, "आता तरी सोडा." त्या "आता तरी"नं माझं डोकं फिरलं. मी दोरी सोडली न्हाई, उलटी ओढली आणि घडी खाली घेतली. सगळं गाव बघतंय. गाठ नखांनी सोडवायला लागले. पण झेंडा जमिनीला टेकवायचा न्हाई, आणि माझे दोन्ही हात गाठीत. घडी सुटायला लागली.

तवर गर्दीतनं सखूबाई आली. तुला आठवती ना ती, नवरा गेल्यापासनं पंधरा ऑगस्टला शाळेच्या भिंतीआडनं बघणारी? ती चालत पुढं आली आणि बाळ घ्यावं तसे हात करून उभी राहिली. मी झेंडा तिच्या हातांवर ठेवला. एक टोक घसरलं. ते कुणी धरलं सांग? बनाबाईनं. ताट पायरीवर ठेवलं, हळदीचे हात पदराला पुसले, खसाखसा पुसले आणि मग टोक धरलं. मी तिला म्हटलं न्हाई पूस म्हणून. ती काकांकडं बघत पण न्हवती.

नख मोडलं, पण गाठ सुटली. पाकळ्या पुन्हा भरल्या. या वेळी गाठ बनाबाईनं मारली, म्हशीच्या दाव्याची मारती तशी, ओढली की सुटणारी. चढवला. ओढली. उघडला!

लख्ख पांढरा पट्टा, स्वरूप. एक बोट न्हाई, एक डाग न्हाई. पाकळ्या काकांच्या टोपीवर पडल्या. जन गण मन मी म्हणायला लागले, तर शेजारी बनाबाई माझ्याहून मोठ्यानं म्हणत होती, सूर सोडून.

भाषण केलं न्हाई. एवढंच म्हटलं, "रंगांचा अर्थ पोरांना शाळेत शिकवतात. आता मोठ्यांनी शिका." टाळ्या फार न्हाई वाजल्या. बायकांच्या वाजल्या.

आई

२२ ऑगस्ट

स्वरूप,

तुझा फोन आला आणि तू "किकवीवाले पुन्हा विचार करतो म्हणालेत, झालं समाधान?" एवढं बोलून ठेवलास. झालं न्हाई समाधान. तुझं वाईट व्हावं असं कोण आई म्हणेल? पण माफी मागणार न्हाई. काय चुकलं ते दाखव, मागते.

तुला ठावं न्हाई म्हणून सांगते. काल शेफालीचा फोन आला होता, मला. तुझी होणारी, का न होणारी, तुमचं तुमी बघा. म्हणाली, "आत्या, व्हिडिओ बघितला. तुमाला भीती न्हाई वाटली?" म्हटलं, वाटली. तर म्हणाली, "बाबा चिडलेत. पण मी होकार स्वरूपला दिलाय, त्यांच्या काकांना न्हाई. त्यांनी मला एकदा तरी विचारावं, मला काय वाटतं." विचारलंस का तू तिला? का तिलाही नंतर करतो म्हणालास?

पोरगी गुणाची हाय. मी तिला तुझी बाजूच सांगितली, म्हटलं, आमचा स्वरूप मनाचा वाईट न्हाई, फक्त ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं उभा राहतो. हे बाजू घेणं झालं का ते तू ठरव.

आई

९ नोव्हेंबर

स्वरूप,

दिवाळीला आला न्हाईस. फराळ चिमाजीकडं दिला, डबा रिकामा परत आला, त्यावरनं समजले की बरा हायस.

लग्न ठरल्या तारखेलाच हाय हे शेफालीनं सांगितलं. तिनं तिच्या बापाला समजावलं, तुझ्या काकांनी न्हाई. काकांनी पत्रिका छापून आणल्या, त्या बघितल्या. निमंत्रक कुंडलिकराव, खाली बनाबाई, खाली सगळी भावकी, अगदी चिंचेखालचा तो दारुडा सुद्धा. माझं नाव न्हाई. बनाबाईनं माझ्यापुढं तोंड लपवलं. मी पेन घेतलं आणि आपल्या घरच्या वाट्याच्या पत्रिकांवर एकेक करून लिहिलं, "वरमाता: सगुणा सावळाराम." अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतंय. विंझरपर्यंत वाटूनही झाल्या. आता छापील खरं मानायचं का हातचं, ते पाहुणे बघतील.

हळदीची जागा आपलं अंगण. ते आप्पांचं हाय, माझं हाय आणि तुझंही हाय. मांडव घालायला मी माणसं सांगितलीत. आज सकाळी उखळ बाहेर काढलं आणि हळद कांडली. रीतीनं पाच सवाष्णींनी मुसळाला हात लावायचा. आमी लावला: मी, सखूबाई, वरच्या आळीच्या दोघी तिच्यासारख्याच, आणि पाचवी बनाबाई. चार बिनकुंकवाच्या आणि एक कुंकवाची. हळद सगळ्यांच्या हाताला सारखीच पिवळी लागली. काका ओसरीवर बसून बघत होते. चहा मागितला त्यांनी. बनाबाई म्हणाली, "चुलीवर हाय, घ्या ओतून."

आता नीट वाच. तुझ्यावर मी काही लादत न्हाई. लग्न तुझं हाय. हळदीच्या दिवशी तू पाटावर बसशील आणि ताट घेऊन पहिली मी पुढं येईन. काकू न्हाई, आत्या न्हाई, मी. तुला नको असेल तर काकांना पुढं करू नकोस, किकवीवाल्यांचं नाव घेऊ नकोस, पाहुणे काय म्हणतील ते मला सांगू नकोस. तू स्वतः सगळ्यांदेखत माझा हात धर आणि म्हण, आई, तू न्हाई.

सगुणा सावळाराम
सरपंच, आणि तुझी आई